विषय शिकवता शिकवता बोलायला शिकवणे : महाविद्यालयीन अध्यापकांसाठी मार्गदर्शक

आपल्या अभ्यासक्रमांत मौखिक सादरीकरणाला जागा नाही, अशी तक्रार करता येणार नाही. सेमिनार असतो, प्रकल्पाचे सादरीकरण असते, प्रात्यक्षिक परीक्षेत व्हायवा (तोंडी परीक्षा) असतो, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर संवादकौशल्याचे स्वतंत्र अभ्यासक्रमही आले आहेत. अडचण वेगळीच आहे. या सर्व ठिकाणी विद्यार्थ्याच्या बोलण्याला गुण दिले जातात. ते बोलणे कसे घडवायचे हे मात्र त्याला वर्षभरात कुणी दाखवलेले नसते. हा लेख नागपूर आणि परिसरातील महाविद्यालयांत इतिहास, वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, स्थापत्य असा कोणताही विषय शिकवणाऱ्या आणि आपल्याच विषयाच्या तासिकांमध्ये विद्यार्थ्यांना बोलते करू इच्छिणाऱ्या अध्यापकांसाठी आहे. भाषा विभागाने हे काम करावे आणि इतरांनी आपापला ‘पोर्शन’ संपवावा, ही वाटणी मला चुकीची वाटते, कारण विषयाबाहेरचे बोलणे विषयाच्या परीक्षेत उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. विदर्भात ‘बोलणे’ म्हटले की वक्तृत्व स्पर्धा आठवते, आणि राम शेवाळकरांसारख्या वक्त्यांची परंपरा पाहता त्यात नवल नाही. पण स्पर्धेत उतरणारे विद्यार्थी वर्गात तीन-चारच असतात आणि बहुधा ते शाळेपासूनच बोलके असतात. शिवाय स्पर्धेचे भाषण पाठ केलेले असते, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. इथे विचार करायचा आहे तो उरलेल्या पन्नास-पंचावन्न विद्यार्थ्यांचा, आणि प्रश्नाला तोंड द्याव्या लागणाऱ्या बोलण्याचा.

पहिली पायरी : आपल्या विषयात कोण, कोणाशी, कशासाठी बोलतो ते ठरवणे

सत्र सुरू होण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढावे की आपला विषय शिकलेल्या माणसाला प्रत्यक्षात कोणाशी बोलावे लागते. ‘प्रभावी संवाद साधता येणे’ असे उद्दिष्ट लिहिल्याने काहीच ठरत नाही. ‘एका संत्रा उत्पादकाला डिंक्या रोगाचे कारण आणि उपाय चार मिनिटांत समजावून सांगता येणे’ असे लिहिले की काय शिकवायचे आणि काय तपासायचे ते दोन्ही ठरते.

हेच उदाहरण पुढे नेऊ. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला डिंक्या हा फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो, हे परीक्षकासमोर सांगताना रोगकारकाचे जीवनचक्र, संसर्गाचा मार्ग आणि खोडाच्या सालीत होणारे बदल या क्रमाने जावे लागेल. काटोल-नरखेड भागातील शेतकऱ्यासमोर हा क्रम उलटा होतो. त्याने खोडातून गळणारा डिंक आधीच पाहिलेला असतो. त्याला पाणी बुंध्याशी साचू न देणे, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) खोडाला कधी आणि किती उंचीपर्यंत लावायची, हे आधी हवे असते, आणि कारण त्यानंतर, उपाय पटावा इतपतच. एकच माहिती दोन श्रोत्यांसाठी दोन प्रकारे मांडायला लावणे हा माझ्या मते सर्वांत फलदायी अभ्यास आहे. ज्याला विषय खरोखर कळलेला नाही त्याला क्रम बदलता येत नाही, त्यामुळे अध्यापकालाही विद्यार्थ्याची समज लगेच दिसते.

इतर विषयांतही असेच प्रसंग शोधता येतात. वाणिज्यचा विद्यार्थी इतवारीतील एखाद्या लहान व्यापाऱ्याला नफा असूनही हातात रोकड का नाही ते समजावून सांगेल. स्थापत्यचा विद्यार्थी उन्नत मेट्रो मार्गाच्या खांबाखालील पायाविषयी शेजारच्या दुकानदारांच्या शंकांना उत्तरे देईल. राज्यशास्त्रासाठी तर नागपुरात आयती सोय आहे. १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे व्हावे असे ठरले, आणि हिवाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा हे बोलण्याचे वेगवेगळे साचे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. विद्यार्थ्यांनी विदर्भातील एका प्रश्नावर लक्षवेधी सूचना मांडावी, दुसऱ्या गटाने मंत्र्याच्या भूमिकेतून उत्तर द्यावे आणि तिसऱ्याने उपप्रश्न विचारावेत. इथे वेळेची शिस्त हीच बोलण्याची शिस्त होते.

दुसरी पायरी : वेळेचा हिशेब

‘वर्गात साठ विद्यार्थी आहेत, प्रत्येकाला बोलायला लावले तर शिकवायचे कधी?’ हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचा हिशेब करूनच उत्तर द्यायला हवे. प्रत्येकाने वर्गासमोर येऊन पाच मिनिटे बोलायचे, दोन मिनिटे प्रश्न आणि एक मिनिट अदलाबदलीला धरले तर एकेकाला आठ मिनिटे लागतात. साठ जणांची ४८० मिनिटे होतात, म्हणजे ४८ मिनिटांच्या पूर्ण १० तासिका. एवढे करून प्रत्येक विद्यार्थी सत्रात एकदाच बोलतो आणि उरलेला सर्व वेळ मुकाट ऐकतो, किंवा ऐकल्यासारखे करतो. सेमिनार नावापुरता उरतो याचे मूळ या गणितात आहे.

आता सहा-सहा जणांचे दहा गट करावेत. प्रत्येकाने आपल्याच गटासमोर दोन मिनिटे बोलावे आणि गटाने दोन मिनिटे प्रतिसाद द्यावा. सर्व गट एकाच वेळी चालतात, त्यामुळे २४ मिनिटांत, म्हणजे अर्ध्या तासिकेत, साठही जण बोलून होतात. अशा सहा फेऱ्यांना मिळून तीनच तासिका जातात. दहा गट एकदम बोलू लागले की गोंगाट होतो हे खरे. दोन गट व्हरांड्यात, दोन ग्रंथालयाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाठवावेत आणि प्राचार्यांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे शेजारच्या वर्गाची तक्रार आली तर उत्तर तयार असते.

संपूर्ण वर्गासमोरचे सादरीकरणही हवे, पण ते सत्राच्या शेवटी एकत्र न कोंबता पसरवावे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक तासिकेच्या आरंभी दोन विद्यार्थी, प्रत्येकी चार मिनिटे बोलणे आणि दोन मिनिटे प्रश्न, असा क्रम ठेवला तर आठवड्याला चार तासिका धरून तीस तासिकांत, म्हणजे तेराव्या आठवड्यापर्यंत, सर्वांची पाळी येते. रोजची बारा मिनिटे जातात. मात्र त्या विद्यार्थ्यांना त्या दिवशीच्या घटकातीलच मुद्दा दिला तर अध्यापकाने जे सांगायचे होते त्याचाच काही भाग विद्यार्थ्याच्या तोंडून येतो, आणि राहिलेले वा चुकलेले पुढच्या व्याख्यानात भरून काढता येते. दोन श्रेयांकांच्या सिद्धान्त अभ्यासक्रमाला साधारणपणे ३० तासच मिळतात. तिथे दोनाऐवजी एकच विद्यार्थी घ्यावा आणि उरलेल्यांसाठी गटातील सादरीकरणच गुणांकनाला ग्राह्य धरावे.

तिसरी पायरी : पहिले दोन आठवडे

पहिल्याच दिवशी ‘उभे राहून स्वतःचा परिचय करून द्या’ हा प्रघात टाळावा. नाव, गाव, छंद हे पाठ केलेले असते. शेवटच्या बाकापर्यंत पाळी येता येता वर्ग ऐकेनासा होतो, आणि खेड्यातून आलेल्या मुलाला आपण कोणत्या माध्यमातून शिकलो हे सर्वांदेखत जाहीर करावे लागते. त्यापेक्षा जोड्या लावाव्यात. अध्यापकाने एक संकल्पना सहा-सात मिनिटे समजावून सांगावी. मग जोडीतील एकाने ती दुसऱ्याला, वही बंद ठेवून, एका मिनिटात परत सांगावी आणि दुसऱ्याने काय सुटले तेवढेच सांगावे. पुढच्या संकल्पनेला भूमिका बदलाव्यात. यात कुणी उभे राहत नाही, कुणाला गुण मिळत नाहीत, आणि तरीही वर्गातील प्रत्येकाच्या तोंडून विषयाची परिभाषा पहिल्याच आठवड्यात निघते.

भीतीचा अंदाज घ्यायचा असेल तर अमेरिकन संवादशास्त्रज्ञ जेम्स मॅकक्रॉस्की यांनी तयार केलेली २४ विधानांची प्रश्नावली उपयोगी आहे. तिच्यात गटचर्चा, बैठक, दोघांतील संभाषण आणि जाहीर भाषण या चार प्रसंगांवर प्रत्येकी सहा विधाने आहेत. तिचा साध्या मराठीत आशय तयार करून, नाव न लिहिता भरून घ्यावी. जाहीर भाषणाला घाबरणारी मुलगी गटात निर्धास्त बोलते, तर मित्रांत गप्पांचा फड जमवणारा मुलगा बैठकीत गप्प बसतो, असे भेद अशा नोंदींतून पुढे येतात आणि फेऱ्यांची आखणी करताना कामी येतात. तिला गुणांशी मात्र कधीही जोडू नये.

अडखळत बोलणाऱ्या विद्यार्थ्याशी अध्यापकाने पहिल्या आठवड्यातच एकांतात बोलावे. त्याला वेळ वाढवून हवा आहे की श्रोते कमी हवेत, हे त्यालाच विचारावे. आपण परस्पर सूट देऊन त्याला बोलण्यातूनच वगळू नये. वर्गाला एकच नियम सांगावा : त्याचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचे नाही.

चौथी पायरी : मांडणी

कोणत्या टप्प्यावर काय शिकवायचे हे ठरलेले असावे, कारण एकाच वेळी आवाज, हावभाव, भाषा, स्लाइड आणि आशय सुधारायला सांगितले तर विद्यार्थी यांपैकी काहीच सुधारत नाही. मी मांडणीला अग्रक्रम देईन. दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी विद्यार्थ्याने आधी एकच वाक्य लिहावे : ‘माझे म्हणणे असे आहे की...’ त्याखाली त्याला आधार देणाऱ्या दोन गोष्टी आणि त्या आधारांवरून हे म्हणणे कसे निघते, हे लिहावे. ‘नागपूर करार’ हा मुद्दा होत नाही, तो केवळ विषय आहे; ‘नागपूर कराराने विदर्भाला अधिवेशन दिले, पण विकासाच्या निधीची हमी कितपत मिळाली हा वाद तसाच राहिला’ हे म्हणणे आहे, आणि त्यावर कुणी प्रतिवाद करू शकतो. ज्यावर प्रतिवाद संभवत नाही ते बोलणे बहुतेक वेळा पुस्तकातील उतारा असतो.

संपूर्ण भाषण लिहून आणण्यास बंदी असावी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी, त्याही अपूर्ण वाक्यांत, एवढीच मुभा द्यावी. आता आयते भाषण मोबाइलवर काही क्षणांत तयार होऊन मिळते. त्याविरुद्ध शोधमोहीम चालवण्यापेक्षा पाच ओळींचा कागद आणि शेवटची दोन मिनिटे प्रश्न एवढी व्यवस्था पुरते. स्लाइड तर पहिल्या चार फेऱ्यांत वापरूच देऊ नयेत. पडद्याकडे पाहून वाचण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला पुढचे सर्व सत्र लागते.

ऐकणाऱ्याला लेखासारखे मागचे पान उलटता येत नाही, म्हणून बोलताना दिशा दाखवणारी वाक्ये मुद्दाम शिकवावी लागतात : ‘आतापर्यंत कारणे पाहिली, आता परिणामांकडे येतो’, ‘यावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा’. अशी आठ-दहा वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्येकाने किमान दोन वापरावीत असे सांगावे.

पाचवी पायरी : आवाज, आणि आपल्या वर्गखोल्या

आवाजाविषयीचा बहुतेक उपदेश वातानुकूलित सभागृह गृहीत धरून केलेला असतो. नागपुरात मार्चपासून पंखे पूर्ण वेगात असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा जिथे कूलर असतो तिथे त्याच्या घरघरीवर मात करून बोलावे लागते. ओरडणे हा त्यावरचा उपाय नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याचा आवाज नेमका शेवटीच पडतो. त्यामुळे ‘झाले’ की ‘झाले नाही’ हेच मागच्या बाकावर पोहोचत नाही. वाक्याचा शेवट सुरुवातीइतकाच स्पष्ट ठेवणे, वाक्य संपल्यावर श्वास घेणे आणि महत्त्वाच्या आकड्यापूर्वी क्षणभर थांबणे, या तीन गोष्टींवर काम केले तरी पुष्कळ फरक पडतो. सराव असा : बोलणारा फळ्याजवळ, गटातील एक जण शेवटच्या बाकावर, ऐकू न आलेल्या शब्दाला त्याने हात वर करायचा. हातांच्या हालचाली, उभे राहण्याची ढब याविषयी फार बोलू नये, म्हणणे स्पष्ट झाले की त्या बऱ्याच अंशी आपोआप सावरतात.

सहावी पायरी : कोणत्या भाषेत?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचे आहे. एकाच वर्गात वऱ्हाडी वळणाची नागपुरी, झाडीबोली, हिंदी, क्वचित गोंडी घरात बोलणारे विद्यार्थी असतात आणि पाठ्यपुस्तक अनेकदा इंग्रजी असते. ‘मी सांगून राहिलो’ म्हणताच मागून हसू आले, तर तो विद्यार्थी त्या सत्रात पुन्हा बोलत नाही. म्हणून हसण्याबाबतचा नियम अध्यापकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावा आणि पाळावा.

याचा अर्थ औपचारिक भाषा शिकवू नये असा नाही. उलट मुलाखतीत आणि व्हायवामध्ये तिची गरज पडणारच आहे, आणि ती न शिकवता तिची अपेक्षा ठेवणे हा अन्याय आहे. मार्ग टप्प्यांचा असावा. पहिल्या दोन फेऱ्यांत विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत त्याने बोलावे, परिभाषा मात्र अचूक वापरावी. तिसऱ्या फेरीपासून तेच म्हणणे औपचारिक मराठीत किंवा अभ्यासक्रमाच्या इंग्रजीत मांडावे. आशय आधीच हाताशी असल्यामुळे आता त्याला फक्त भाषेचे ओझे उचलावे लागते. शेतकऱ्याशी किंवा व्यापाऱ्याशी बोलण्याच्या अभ्यासात मात्र बोलीच योग्य असते, आणि तिथे प्रमाण भाषेत बोलणाऱ्याचे गुण कमी होऊ शकतात, हेही वर्गाला सांगावे. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे ऐकून बसणारा धक्का उपयुक्त असतो.

सातवी पायरी : श्रोत्यांना काम देणे

‘छान बोलला’ आणि टाळ्या, याला प्रतिसाद म्हणता येत नाही. गटातील पाच श्रोत्यांना नेमकी कामे वाटून द्यावीत. पहिल्याने बोलणाऱ्याचे मुख्य म्हणणे एका वाक्यात लिहावे. ते त्याच्या कागदावरील वाक्याशी जुळले नाही तर मांडणी फसली आहे, हे कुणी वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्याने आधार नोंदवावेत, तिसऱ्याने न समजलेला शब्द किंवा टप्पा, चौथ्याने वेळ पाहावी आणि पाचव्याने एक खरा प्रश्न विचारावा. प्रतिसाद वर्णनाच्या स्वरूपात द्यायला शिकवावे : ‘तू गोंधळलास’ याऐवजी ‘दुसऱ्या कारणापासून परिणामावर कधी आलास ते कळले नाही’. अध्यापकाने फिरत राहून प्रत्येक फेरीत दोनच गट पूर्ण ऐकावेत आणि प्रत्येकाला लेखी दोनच गोष्टी कळवाव्यात, एक टिकवायची आणि एक पुढच्या वेळी बदलायची.

मोबाइलवर चित्रण केले तर विद्यार्थ्याला स्वतःचे बोलणे पाहता येते, पण ते त्याच्याच मोबाइलवर, त्याच्या संमतीने व्हावे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर अशी चित्रफीत कधीही टाकू नये.

आठवी पायरी : प्रश्नांना उत्तरे आणि व्हायवा

सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. प्रश्न पूर्ण ऐकणे, गरज असल्यास ‘तुम्ही अमुक विचारता आहात का’ असे म्हणून तो नक्की करून घेणे, उत्तर आधी एका वाक्यात देऊन मग स्पष्टीकरणाकडे जाणे, हा क्रम फळ्यावर लिहून दोन-तीनदा करून दाखवावा. उत्तर माहीत नसेल तर काय म्हणायचे याचाही सराव हवा. ‘सर, माहीत नाही’ एवढ्यावर थांबणारा आणि ‘हे मूल्य मला आठवत नाही, पण तापमान वाढले की ते कमी व्हायला हवे, कारण...’ म्हणणारा, या दोघांत परीक्षकाला दिसणारा फरक मोठा असतो. प्रयोगशाळेतील प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या शेवटी दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचा तीन मिनिटांचा व्हायवा घ्यावा. प्रश्न तयार करणाऱ्याचाही अभ्यास त्यात होतो.

नववी पायरी : गुण

निकष पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांची एक वाटणी अशी करता येईल : आशय आणि आधार ६, मांडणीचा क्रम ४, श्रोत्याला साजेशी भाषा व उदाहरणे ४, ऐकू येणे आणि वेळेचे भान ३, प्रश्नोत्तरे ३. उच्चाराचे वळण, पेहराव आणि आत्मविश्वास यांना स्वतंत्र गुण नसावेत, कारण आत्मविश्वासाच्या नावाखाली आपण बहुधा घरच्या वातावरणालाच गुण देतो. सहा फेऱ्यांना गुण न देता केवळ सहभाग नोंदवावा आणि २० गुण वर्गासमोरच्या सादरीकरणाला द्यावेत. ते समाधानकारक झाले नाही तर चौदाव्या आठवड्यात एक संधी आणखी द्यावी आणि दोन्हींपैकी जास्त गुण धरावेत. विभागात दोन-तीन अध्यापक असतील तर सत्रारंभी एकाच सादरीकरणाला सर्वांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ते ताडून पाहावेत. चार-पाच गुणांची तफावत निघाली तर निकषांच्या शब्दांत कुठे संदिग्धता आहे ते तिथेच कळते आणि दुरुस्त करता येते.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याला मिळालेल्या लेखी सूचनांमधून पुढच्या सत्रासाठी एकच सूचना निवडून कागदावर लिहावी. हे कागद विभागात जपून ठेवावेत आणि पुढच्या सत्रातील अध्यापकाकडे पहिल्या तासिकेपूर्वी द्यावेत, म्हणजे त्याला गट पाडताना आणि पहिल्या फेरीचे विषय ठरवताना नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.